चालत नाही आणि चालवणार नाही

माणसाने एक वेळ चोराच्या शेजारी बिऱ्हाड करावं, पुढाऱ्याच्या शब्दावर विसंबावं, फार तर तबला शिकणाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून राहावं. पण जन्मात एकदाही नियम न मोडलेल्या माणसाच्या नात्यात पडू नये. मी पडलो. माझ्या बायकोचे मामा, म्हणजे माझे मामेसासरे, हे या जातीचे नाशिक जिल्ह्यातले शेवटचे गृहस्थ असावेत, आणि ते शेवटचेच असोत अशी प्रार्थना मी बरीच वर्षं करत होतो. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापून आलेल्या कागदातलं व्यंग शोधायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. रेघ जराशी सरकली, शाई किंचित फिकी पडली, की कागद बाजूला. निवृत्त झाल्यावर कागद संपले, पण नजर तशीच राहिली. मग ती लग्नपत्रिकांवर, दुधाच्या पिशव्यांवर, देवळातल्या पाट्यांवर आणि आम्हा नातेवाइकांवर फिरू लागली. माझ्या लग्नात मंगलाष्टकं म्हणणाऱ्या गुरुजींना नेमका त्या दिवशी सूर सापडला आणि पत्रिकेत छापलेला मुहूर्त टळला. सगळ्या मांडवाने अक्षता टाकल्या. मामांनी आपल्या मुठीतल्या तशाच खिशात घातल्या. “वेळ गेली. आता टाकून काय उपयोग?” असं त्यांनी शेजारच्या पाहुण्यांना समजावून सांगितलं. पुढे दोन मुलं झाली तरी ते मधूनच माझ्याकडे असे बघायचे, की या माणसाचं लग्न नक्की झालंय का, याची त्यांना अजून खात्री नसावी. हा स्वभाव नोकरीमुळे झाला असं सगळे म्हणत, पण मामींचं मत वेगळं होतं. “नोकरीने काही केलेलं नाही,” त्या म्हणायच्या, “हे आधीपासूनच असे. नोकरी यांना शोधत आली.”

नाशिकच्या द्वारका चौकातला सिग्नल एकदा बिघडून लालवरच अडकला. द्वारकेला सिग्नल हिरवा असतानासुद्धा कोणी त्याच्याकडे बघत नाही, तर लाल असताना कोण बघणार? ट्रक, टेम्पो, रिक्षा, उसाच्या बैलगाड्या, सगळं बाजूने वाहत होतं आणि मधोमध मामांची गाडी उभी. मागे मी स्कूटरवर. भोंग्यांचा असा काही कल्लोळ झाला की शेवटी हवालदार हातातला वडापाव सांभाळत आला. “काका, जा ना पुढे. बंद पडलाय तो.” मामांनी काच खाली करून शांतपणे विचारलं, “बंद कुठे आहे? लाल चालू आहे की.” हवालदाराने आधी सिग्नलकडे, मग मामांकडे पाहिलं, आणि वडापाव तोंडात धरून दोन्ही हातांनी त्यांना पुढे जायची खूण केली. हाताची खूण सिग्नलपेक्षा वरचढ असते असं पुस्तकात लिहिलेलं असल्यामुळे मामा निघाले. नाही तर आजही तिथेच असते.

आता ती गाडी. गोल पाठीची, फुगीर नाकाची, पन्नास-साठच्या काळातली ती जुनी गाडी सगळ्या महाराष्ट्रात ‘डुक्कर’ याच नावाने ओळखली जायची. मामांना हे नाव अजिबात खपायचं नाही. जेल रोडच्या कॉलनीत पोरं “डुक्करवाले आजोबा आले” म्हणून ओरडायची आणि मामा गाडी थांबवून त्यांना गाडीचं कंपनीने ठेवलेलं नाव, मॉडेल आणि साल सांगायचे. मामी मात्र आत बसून हसायच्या. “वराह म्हणा रे, देवाचा अवतार आहे,” असं सांगायच्या. या गाडीची गंमत अशी की तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडत. बिजागऱ्या मागच्या बाजूला, कडी पुढे. आम्ही या दरवाज्यांना हसायचो, ते मामी स्वयंपाकघरात घसरून पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला त्या दिवसापर्यंत. ऑपरेशन झालं, हाड बसलं, पण पाय काही पूर्वीसारखा वाकेना. रिक्षात चढवायचा एकदा प्रयत्न केला, तर मामी अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर अशा अडकल्या आणि रिक्षावाल्यालाच रडू यायची वेळ आली. शेजाऱ्यांची व्हॅन उंच, माझ्या साडूची नवी मोटार बसकी. कुठेही पाय आत घेताना मामींच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि वरून त्याच आम्हाला म्हणायच्या, “काही नाही हो, जरा कळ आली.” फक्त या म्हाताऱ्या गाडीत त्यांना बसता यायचं. दार उलटं उघडलं की समोर मोकळी जागा. मामी पाठ करून उभ्या राहत, बाकासारख्या सलग सीटवर अलगद टेकत, आणि मामा त्यांचे दोन्ही पाय उचलून हळूच आत वळवत. हे काम मामा इतक्या निगुतीने करायचे की त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना बाकी सगळं माफ करत असे.

दर बुधवारी ही जोडी गंगेवर जायची. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि बुधवारचा बाजार भरतो तो गंगेवर. मामा गाडी नियमाने जिथे लावायची तिथेच लावत, म्हणजे बाजारापासून जरा दूर. पण मामींचं दार उघडलं की बाजारच चालत तिथवर येई. कुणी मेथीच्या जुड्या आणी, कुणी गिलकी, कुणी गंगाफळाची फोड. “मावशी, बघा ना, लय कवळी हाय,” म्हणत बाया टोपली थेट मांडीवर ठेवत. मामी एकेक शेंग मोडून बघत, भावावरून भांडत, कुणाच्या सुनेचं बाळंतपण विचारत, कुणाला खोकल्यावर काढा सांगत. आठवड्यातले बाकीचे दिवस त्या घरात काढायच्या ते या एका संध्याकाळच्या भरवशावर. घरी आल्या की दोन दिवस तिथल्याच गोष्टी चालत.

तोवर नव्वदीच्या दशकात पीयूसी नावाची भानगड सुरू झाली होती आणि प्रत्येक गाडीच्या काचेवर धूर तपासल्याचं प्रमाणपत्र चिकटू लागलं होतं. सुरुवातीची काही वर्षं मामांची गाडी ओढूनताणून पास होत राहिली. पण दोन हजार सालानंतर तिच्या नोंदणीची मुदत संपत आली, नूतनीकरणासाठी गाडी पुन्हा पासिंगला न्यायची वेळ आली, आणि नेमक्या त्याच वेळी तिच्या छातीत कफ साठला. मी मामांबरोबर पेट्रोल पंपाशेजारच्या पीयूसीवाल्याकडे गेलो. तो व्हॅनमध्ये पेपर वाचत बसला होता. गाडी बघून त्याला वाईटच वाटलं. “काका, गाडी कशाला आणली एवढ्या उन्हात? नुसता नंबर सांगायचा.” मामांनी नळी सायलेन्सरमध्ये घालायला लावली. यंत्रावरचा आकडा जो चढायला लागला तो थांबेचना. पीयूसीवाल्याने तिकडे दुर्लक्ष करून भलताच आकडा छापला आणि कागद पुढे केला. मामांनी चष्मा लावून तो वाचला. “हा आकडा यंत्रावर नव्हता.”

“काका, यंत्राला काय कळतंय? जुनी गाडी आहे, राहू द्या.”

“नापास असेल तर नापास लिहून द्या.”

“अहो, नापासाचा कागदच नसतो,” तो काकुळतीला येऊन म्हणाला. “माझ्याकडे फक्त पासचेच छापलेत!”

मामांनी तो कागद घडी घालून त्याच्या यंत्रावर ठेवला आणि आम्ही परत आलो. वाटेत मी कपाळावर हात मारून घेत होतो. शहरातल्या हजारो गाड्या काळे लोट सोडत, काचेवर पासचा शिक्का मिरवत आमच्या पुढून जात होत्या आणि आम्ही मात्र नापास. भद्रकालीतल्या गॅरेजवाल्या उस्तादांनी बॉनेट उघडून बराच वेळ पाहिलं आणि बॉनेट हळूच लावलं. “साहेब, इंजिनात बिघाड काय नाय. उमर झाली. उमर का क्या करेंगे?”

मग कोणीतरी पिल्लू सोडलं, की फार जुन्या गाड्यांना धूर तपासणीतून माफी मिळते. या बातमीने मामांना उभारी आली. नियमातच माफी असेल तर ती घेणं हाही नियमच. आम्ही आरटीओत गेलो. टेबलावरचे साहेब सज्जन निघाले. त्यांनी आम्हाला बसवलं, पुस्तक उघडून दाखवलं. गाडी जुनी आहे म्हणून धुराची माफी असं कुठेच नव्हतं. “जी गाडी रस्त्यावर येणारच नाही, तिला धूर तपासायची गरज नाही, एवढंच. तसा अर्ज केलात तर नोंदणी रद्द न होता तशीच राहील. पुढे-मागे गाडी पास झाली की नूतनीकरण करून घ्या. साधा अर्ज आहे. ‘धूर तपासणीतून माफी मिळावी, ही विनंती.’”

मामांनी पेन काढलं आणि ‘माफी’ या शब्दाशी ते अडून बसले. “माफी कसली? मी काय गुन्हा केलाय?”

“काका, तो नुसता शब्द आहे. शाळेत फी माफ होते ना, तसं.”

“माझ्या वडिलांनी फी माफीचासुद्धा अर्ज कधी केला नाही.”

“बरं, मग ‘सूट’ लिहा.”

“सूट दिवाळीला कापडाच्या दुकानात देतात. मी काय गिऱ्हाईक आहे?”

आमच्या मागे रांग वाढत होती. साहेबांनी चहा मागवला. त्यांच्या सहनशक्तीला त्या दिवशी मी मनातल्या मनात हात जोडले. शेवटी त्यांनी स्वतःच मार्ग काढला. “विनंती राहू द्या. नुसती माहिती लिहा. ‘गाडी चालत नाही.’ खाली सही.” मला वाटलं, सुटलो. पण मामांनी मान हलवली. “गाडी चालत नाही हे खोटं आहे. आत्ता चालवत आणलीय मी.” मी डोळे मिटून घेतले. साहेबही थकले होते, ते सहज बोलून गेले, “मग ‘चालवणार नाही’ असं लिहा.”

मामांनी थोडा विचार केला. मग त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. “हे खरं होऊ शकतं,” ते म्हणाले आणि त्यांनी वळणदार अक्षरात लिहून टाकलं, ‘सदर गाडी मी चालवणार नाही.’

‘चालत नाही’ लिहिलं असतं तर ते गाडीविषयी झालं असतं. ‘चालवणार नाही’ हे मामांविषयी झालं. एका शब्दाच्या या फरकात मामींचा बुधवार गेला, आणि हे तिथे बसलेल्या आम्हा तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. बाहेर झाडाखाली बसणाऱ्या एजंटाच्या मात्र लगेच लक्षात आलं. तो हसत म्हणाला, “काका, लिहून द्यायचं असतं आणि चालवायची पण असते. काकूंना घेऊन गंगेवर गेलात तर कोण बघतंय?” मामांचं तिकडे लक्षच नव्हतं. गाडी आरटीओतून घरी परत कशी न्यायची, या विचारात ते होते. कारण सही झाली होती. शेवटी गाडी उतारावरून ढकलत आणि चढावर टेम्पोला बांधून नाशिक रोडपर्यंत आणली. स्टिअरिंगवर मी बसलो, कारण ‘मी चालवणार नाही’ हे मामांनी स्वतःपुरतं लिहून दिलं होतं, पण गाडी रस्त्यावर येणार नाही म्हणून धूर तपासलेला नाही, तेव्हा मलाही त्यांनी इंजिन सुरू करू दिलं नाही.

पहिल्या बुधवारी मामी नेहमीप्रमाणे वेणी घालून तयार झाल्या. मामांनी त्यांना झालेलं सगळं सांगितलं. त्या खूप हसल्या. “म्हणजे एका सहीत तुम्ही गाडीबरोबर मलापण उभी करून ठेवलीत!” मामा म्हणाले, “थोडे दिवस. मी तिला रीतसर पास करून आणतो.” मामींनी “बरं” म्हटलं. माझी बायको मात्र भडकली. “मामा, अरे, एक बुधवार गेलास तर आभाळ कोसळणार आहे का?” मामा खाली मान घालून बसले. “मी लिहून दिलंय गं,” एवढंच म्हणाले. त्यांना दुःख होत नव्हतं असं नाही. त्यांना खोटं करताच येत नव्हतं, आणि याला औषध नव्हतं. भाजी आता तेच आणू लागले. वजनाला चोख, हिशेबाला चोख, आणि भेंडी मात्र दर वेळी जून.

मग सुरू झाला पार्टांचा शोध. धूर कमी करायचा तर कार्बुरेटर बदलायला हवं होतं, आणि तसलं बनायचं बंद होऊन जमाना लोटला होता. कुणीतरी सांगितलं की सटाण्याकडच्या एका मळ्यात तसलीच गाडी सडत पडली आहे. आम्ही एसटीने गेलो. मळेवाले म्हणाले, “गाडी शे, पन तिन्हामा कोंबड्या शेतस.” खरंच, बाभळीखाली ती गाडी होती आणि पुढच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. मळेवाले तिला उचलायला निघाले तर मामांनी त्यांचा हात धरला. “बसलेली आहे ती. उठवायची नाही. पिल्लं बाहेर पडू द्या, मग येतो.” आम्ही रिकाम्या हाताने परत आलो आणि काही आठवड्यांनी पुन्हा जाऊन कार्बुरेटर काढून आणलं. कोंबडीला मुदत मिळत होती आणि घरात जी बाई खिडकीशी बसून होती तिचे बुधवार असेच जात होते, याचा मला संताप येत होता. तो मी त्यांना बोलून दाखवला असता तर त्यांनी तोही चष्मा लावून नीट तपासला असता.

असे पावसाळे गेले. मामा दिवसभर गाडीखाली, मामी खिडकीत. सुरुवातीला त्या विचारायच्या, “काय म्हणतोय वराह?” मग विचारेनाशा झाल्या. आधी वेणी घालणं थांबलं, मग फाटकापर्यंत काठी टेकत जाणं थांबलं, मग शेजारणी आल्या की बाजाराच्या गोष्टी विचारणंही थांबलं. यातलं काहीच एकदम झालं नाही, त्यामुळे आमच्या घरात कुणालाच ते धड दिसलं नाही. अधूनमधून मामा गाडी ट्रकवर चढवून पीयूसीला न्यायचे. ट्रकवर बांधलेली डुक्कर बघून लोक विचारत, “बंद पडली का काका?” मामा म्हणत, “नाही, उत्तम चालते.” लोक माझ्याकडे बघत, मी आभाळाकडे बघत असे.

आणि एक दिवस ती पास झाली. खरोखर. यंत्रावरचा आकडा चढला, थांबला आणि हद्दीच्या आत राहिला. मामांनी खात्री म्हणून पुन्हा नळी घालायला लावली, पुन्हा तोच आकडा आला. पीयूसीवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा यंत्रावरचाच आकडा कागदावर छापला असेल. आरटीओतल्या साहेबांनी उठून मामांचा हात हातात घेतला. नूतनीकरण झालं, नियमाने, एकाही खोट्या शब्दाशिवाय. मामा स्वतः गाडी चालवत घरी आले. द्वारकेवरून येताना त्यांनी गुणगुणल्यासारखं काहीतरी केलं; मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. बुधवारच होता तो. फाटकाशी त्यांनी हॉर्न वाजवला. मामी खिडकीत होत्या. मामांनी मामींच्या बाजूचं दार उघडलं, सीट फडक्याने पुसली आणि आत जाऊन म्हणाले, “चल. गंगेवर.”

मामींनी त्यांच्याकडे पाहिलं. “आज नको हो,” त्या म्हणाल्या.

“मग उद्या? पुढच्या बुधवारी?”

“आता नकोच. बाहेर जायचं म्हटलं की छातीत धस्स होतं. गर्दी, आवाज... मला नाही जमायचं आता. तुम्ही पास करून आणलीत ना? फार छान झालं.”

त्या रुसल्या असत्या तर समजूत काढता आली असती. चिडल्या असत्या तर मामांनी त्यांचे पाय धरले असते, मी ओळखतो त्यांना. पण मामींच्या आवाजात राग नव्हताच. त्या मनापासून कौतुक करत होत्या. माझी बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मामा हातात किल्ली घेऊन तिथेच होते. मग त्यांनी कोटाच्या खिशातून ते नवं प्रमाणपत्र काढून मामींच्या हातात दिलं, आणि त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा गाडी अंगणात उभी होती आणि मामा आत बसले होते. स्टिअरिंगमागे नाही, पलीकडच्या बाजूला, मामींच्या जागेवर. दार उघडं, दोन्ही पाय आत घेऊन ते फाटकाबाहेरचा रस्ता बघत होते. कुणी पाणी भरत होतं, कुणी पोराला दटावत होतं, एक बाई टोपली डोक्यावर घेऊन ओरडत चालली होती. मी जवळ जाऊन विचारलं, “मामा, इकडे कसे?”

“बघत होतो, हिला इथून काय दिसायचं ते,” ते म्हणाले. “जावईबापू, इतकी वर्षं मी नुसता रस्ता बघत आलो. या बाजूने माणसं दिसतात.”

मला त्यांचा फार राग होता. तो इतक्या वर्षांचा साठलेला राग कुठे गेला, मला कळलं नाही. फक्त त्यांच्यावर माझा फार जीव आहे, एवढंच त्या क्षणी कळलं. मी वळसा घालून स्टिअरिंगमागे जाऊन बसलो. खिडकीतून मामी आमच्याकडे बघत होत्या. आत या, चहा टाकते असं त्यांनी हाताने खुणावलं, आणि मामा हो म्हणाले, पण लगेच उठले नाहीत.